लिहून देता का, सर?

विभागाच्या यंदाच्या अंकात शेवटच्या पानावर तीन ओळी आल्या आहेत. 'आमच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे परिचर श्री. हरेश्वर तांडेल यंदा सेवानिवृत्त झाले. ते मनमिळाऊ, कष्टाळू आणि क्षमाशील होते. त्यांना शुभेच्छा.'

ज्याने हे लिहिलं त्याचा हेतू वाईट नसणार. कष्टाळू हे खरं आहे. मनमिळाऊ हे समोर कोण आहे त्यावर ठरायचं. पण क्षमाशील हा शब्द वाचून मी कँटीनमध्ये एकटीच हसले, आणि मग मला राग आला. तांडेलकाकांनी माझ्या माहितीत कोणालाही माफ केलं नाही. मलाही नाही. त्यांच्याबद्दल चुकीचं लिहिलं जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. मला अशा लिखाणाची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच, आणि प्रयोगवही सोडून एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते.

काका ठाण्यातल्या कोपरीचे. घराणं मासेमारीचं. मोठ्या भावाची अजून खाडीत होडी आहे. काका मात्र तरुणपणीच आमच्या कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून लागले. बुटके, रुंद खांद्यांचे. फिकट निळा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि प्लॅस्टिकचं एक चपटं पाकीट. रबरी चपलांमुळे ते कधी मागे येऊन उभे राहिले ते कळायचं नाही. आवाज कधी चढवायचे नाहीत. उलट राग आला की आवाज खाली जायचा आणि एरवीच्या शुद्ध बोलण्यातून कोपरीची बोली वर यायची. 'मला' चं 'मना' झालं की आम्ही समजायचो, आज कोणाची तरी धडगत नाही.

त्यांची पहिली सवय आम्हाला एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात कळली. लेबल पुसलेली बाटली सापडली की ते बूच काढायचे, स्वतःच्या नाकाजवळ धरायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग शेजारी जो असेल त्याच्यापुढे करायचे.

"कसला वास येतो?"

"काका, व्हिनेगरसारखा."

"नाक घालू नको. हाताने वारा घाल. आता सांग."

"व्हिनेगरच."

मग ते लेबल लिहायचे. आम्हाला वाटायचं, परीक्षा घेतायत. बरोबर सांगितलं की मान हलवायचे, त्यामुळे आम्हाला परीक्षाच वाटायची. माझ्या वर्गातला रोहन तर अभ्यास करून यायचा.

दुसरी सवय सबनीस सरांच्या बाबतीतली. डॉ. सबनीस आमचे विभागप्रमुख. उंच, गोरे, बोलणं एकदम मऊ. शिकवायचे छान, हे मी नाकारत नाही. ते काकांना काहीही सांगोत, काका हातातलं काम ठेवून सरळ उभे राहायचे आणि विचारायचे, "लिहून देता का, सर?"

"तांडेल, जरा खिडकी लावून घ्या."

"लिहून देता का, सर?"

"तांडेल, खडू संपलेत."

"लिहून देता का, सर?"

सर हसायचे. नव्या मुलांना सांगायचे, "आमचे तांडेल म्हणजे जुन्या वळणाचे. सरकारी कागदावर भारी श्रद्धा." मग सर स्वतःच खिडकी लावायचे. बाकी कोणत्याही शिक्षकाला काका असं विचारत नसत. रोहन त्यांची नक्कल करायचा. कँटीनमध्ये कोणी म्हटलं, "जा ना, वडापाव घेऊन ये," की तो ताठ उभा राहायचा, "लिहून देता का, सर?" सगळे हसायचे. मीही हसायचे.

तिसरी गोष्ट पाकिटांची. सत्राच्या शेवटी प्रयोगवहीवर शिक्षकांची सही होण्याआधी अटेंडंटची सही लागते. तुम्ही काचसामान फोडलं नाही, सगळं परत दिलं, याची ती सही. त्या दिवशी काका टेबलावर खाकी पाकिटं मांडून बसायचे. प्रत्येकावर रोल नंबर. आत तुम्ही सहा महिन्यांत सिंकमध्ये टाकलेलं सगळं. वाळवलेले फिल्टर पेपर, काड्या, लिटमसचे तुकडे, मोडलेल्या काचनळीचं टोक. कोणाचं काय, हे त्यांना कसं कळायचं देव जाणे. पण एकही पाकीट चुकल्याचं मी ऐकलं नाही.

रोहनच्या पाकिटाबरोबर एक छोटी बाटली होती.

"हे काय, काका?"

"क्लोरोफॉर्म. तू सिंकमध्ये ओतलास. शेवटचं जरा वाचवलं."

"अरे यार... सॉरी ना काका."

"सॉरी कशाला? डोंबिवलीला घरी बेसिन आहे ना? तिथे ओत. मग ये, सही करतो."

"काका, मम्मी मारेल मला!"

"आणि इथे कोणाची मम्मी नाही म्हणून ओतलास?"

सगळी लॅब हसली. काका हसले नाहीत. त्यांनी रोहनला दोन दिवस फिरवलं. तिसऱ्या दिवशी ती बाटली टाकाऊ द्रावकाच्या कॅनमध्ये त्याच्याच हाताने रिकामी करून घेतली आणि सही दिली. "ज्याचं त्याला," एवढंच म्हणाले. ते हे वाक्य पाकीट देताना प्रत्येकाला म्हणायचे. त्यात गंमत नव्हती हे मला बरंच उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाकडून पत्र आलं. प्रत्येक विभागाने आपल्या प्रयोगशाळांचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते मोजून अहवाल द्यायचा. पाणी किती, वीज किती, गॅस किती, टाकाऊ रसायनं कुठे जातात. नंतर बाहेरच्या मॅडम येऊन तपासणार. सगळे त्याला ग्रीन ऑडिट म्हणायचे. सबनीस सरांनी ते मला प्रकल्प म्हणून दिलं. माझं अक्षर बरं आहे आणि मी नाही म्हणत नाही, म्हणून दिलं असावं.

"हा मागचा अहवाल," सर म्हणाले. "वर्ष बदल, आकडे थोडे इकडेतिकडे कर. यात संशोधन वगैरे काही नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत दे."

मी तसंच केलं. हे लिहिताना अजून लाज वाटते. त्या अहवालात एक वाक्य होतं, 'प्रयोगशाळेतील सर्व अपायकारक द्रव टाकाऊ पदार्थ वर्गवारी करून चार स्वतंत्र पिंपांत साठवले जातात.' मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. खाली 'माहिती संकलन' म्हणून माझी सही केली. काकांकडे वीजमीटरचा आकडा विचारायला गेले तेव्हा कागद त्यांच्या टेबलावर राहिले.

सोमवारी माझ्या रोल नंबरचं खाकी पाकीट मला मिळालं. आत माझाच अहवाल.

"काका, हा सरांना द्यायचाय."

"हे तू बघितलंस?" त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"नाही. म्हणजे, मागच्या वर्षी होतं..."

"न बघता सही केलीस?"

मला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथे ती चार पिंपं होती. लाल, पिवळं, निळं, हिरवं. आम्लं, अल्कली, द्रावकं, जड धातू. वर सुंदर स्टिकर. कॉलेजच्या माहितीपत्रकात त्यांचा फोटो आहे. काका दर सोमवारी ती ओल्या फडक्याने पुसायचे.

"वाजव," ते म्हणाले.

मी बोटाने टकटक केलं. मोठा पोकळ आवाज आला. दुसरं, तिसरं, चौथं. चारही कोरी.

"मना सांग आता. कुठे साठवतात?"

त्या आठवड्यात मी अहवाल पुन्हा लिहायला घेतला, आणि काका माझ्याबरोबर बसले. ते मला 'बाय' म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाय, तू राहतेस कुठे?"

"दिव्याला, स्टेशनजवळ."

"पाणी येतं?"

"एक दिवसाआड. कधी तेही नाही. मग टँकर."

त्यांनी एक बादली आणली आणि कंडेन्सरच्या बाहेर जाणाऱ्या नळीखाली ठेवली. कंडेन्सर म्हणजे काचेची दुहेरी नळी. आत वाफ, बाहेरून थंड पाणी सतत वाहत राहतं आणि सरळ सिंकमध्ये जातं. "तीन तास प्रयोग चालेल. बस. मोज."

अठरा बादल्या झाल्या. एका कंडेन्सरच्या. त्या दिवशी टेबलांवर नऊ कंडेन्सर चालू होते. सहा बादल्या आमच्या घरी चार माणसांना दोन दिवस पुरवायच्या असतात. आई भांडी विसळलेलं पाणी मोरीत जाऊ देत नाही. मी दीड वर्ष रोज तोच नळ सोडून समोर बसून राहिले होते आणि मला एकदाही घर आठवलं नव्हतं. काकांनी फक्त माझ्या वहीत 'अठरा' खाली रेघ ओढली.

मग रसायनांचं पान आलं. मी विचारलं, "काका, आपल्याकडे नक्की काय काय ओतलं जातं, हे कसं कळणार? नोंदच नाही."

त्यांनी माझी वही मिटली. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले.

आमच्या विभागात एक जुनी बॅलन्स रूम आहे. पूर्वी तिथे काचपेटीतले तराजू असायचे. इलेक्ट्रॉनिक आल्यापासून ती बंद. काकांनी दगडी ओट्याखालची लाकडी कपाटं उघडली. आत ओळीने छोट्या बाटल्या. पिवळ्या, हिरव्या, गढूळ, काळ्या. फळीमागून फळी. प्रत्येकीला घट्ट बूच, वर मेण, आणि काकांच्या बारीक अक्षरातलं लेबल. तारीख. काय. किती. कोणतं सिंक. आणि शेवटच्या दोन ओळी बहुतेक सगळ्यांवर सारख्याच.

'सांगणार : सबनीस सर. ओतणार : ह. तांडेल.'

"अकरा वर्षं," काका म्हणाले. "ओतायच्या आधी प्रत्येकातलं एवढंसं काढून ठेवलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मीच ओतलं. नोकरी हाय. तिकडून नाल्यात, नाल्यातून खाडीत. माझ्या भावाची जाळी तिथेच. म्हणून माझं पण नाव लिवलंय, बाय. एकट्या त्यांचं लिवलं असतं तर मी पण त्यांच्यासारखाच झालो असतो."

मग त्यांनी खिशातलं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत घडी घालून झिजलेला कागद. त्यांच्या सेवापुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स. त्यावर एक ओळ होती, 'सदर अपघात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडला.' खाली सबनीस सरांची सही.

तो अपघात असा. अकरा वर्षांपूर्वी कॉलेजात कुठलीशी तपासणी येणार होती. स्टोअरमध्ये मुदत संपलेल्या बाटल्यांचा ढीग होता. सबनीस सर तेव्हा नुकतेच प्रमुख झाले होते. म्हणाले, सगळं आजच्या आज सिंकमध्ये रिकामं करा. काका म्हणाले, सर, यात सल्फाइड आहे, आम्लं आहेत, एका सिंकमध्ये नको, आणि मला तसं लिहून द्या. सर हसले. "तांडेल, एवढ्याशा कामाला कागद कशाला?"

काकांनी ओतलं. दोन सिंकमध्ये वेगवेगळं ओतलं, पण नळ्या खाली जाऊन एकच होतात. पाणी तुंबलं. काका इमारतीमागे जाऊन गटाराच्या चेंबरचं झाकण काढून बांबूच्या पट्टीने साफ करायला लागले. सडक्या अंड्याचा भयंकर वास आला. मग अचानक वास यायचा बंद झाला. त्यांना वाटलं, गेला वायू. आम्ल आणि सल्फाइड एकत्र आल्यावर होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडबद्दल आमच्या पुस्तकात एक ओळ आहे. हा वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येत नाही, आणि तेच त्याचं घातकपण. मी ती ओळ परीक्षेसाठी पाठ केली होती. काका चेंबरच्या कडेला कोसळले. कॉलेजच्या माळीबुवांनी पाय धरून ओढलं म्हणून वाचले.

"आठ दिवस दवाखान्यात होतो. घरी आलो. बायको बोंबील भाजत होती, बाहेर कोणाशी बोलत बसली. बोंबलांचा कोळसा झाला, घरभर धूर. मी चुलीच्या बाजूलाच बसलेलो, बाय. मना पत्ताच नाय."

मला एकदम सगळ्या बाटल्या आठवल्या. कसला वास येतो. हाताने वारा घाल. ती परीक्षा नव्हती. त्यांना खरंच माहीत नसायचं.

"कोळ्याला मासळीचा वास नाय," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं. "तो गेला तो गेला. पण मी निष्काळजी? मी सांगितलं व्हतं. पाच महिन्यांनी मी सुटणार. ती ओळ घेऊन मी घरी जाणार नाय. ज्याची त्याला देऊन जाणार."

मी सगळ्या लेबलांची यादी केली. चार दुपारी लागल्या. काका बाटली उचलायचे, वाचायचे, मी लिहायचे. खरा अहवाल तयार झाला. अठरा बादल्या, कोरी पिंपं, यादी, सगळं घालून मी सरांकडे नेला. सरांनी उभ्याउभ्याच चाळला. चेहरा बदलला नाही. आवाज आणखी मऊ झाला.

"बाळ, तू खूप मेहनत घेतलीस. पण हे ऑडिटचं स्वरूप नाही. तुझे प्रकल्पाचे गुण माझ्याकडे आहेत, पुढे शिफारसपत्र लागेल, एवढं लक्षात ठेव. तो पहिला अहवाल कुठे आहे? तो चांगला होता."

तो माझ्या बॅगेतच होता. मी दिला. मला वडील दिसत होते. शीळफाट्याला गोदामात माल चढवतात आणि माझ्या निकालाची प्रिंट पाकिटात घालून फिरतात. मी दिला. सरांनी माझा खरा अहवाल खणात टाकला, खोट्यावर सही केली, शिक्का मारला आणि तो मलाच विद्यापीठाला पाठवायला सांगितलं.

काकांना सांगताना मी रडले. ते चिडतील असं वाटत होतं. त्यांनी विचारलं, "त्याची झेरॉक्स देशील?"

मी आणून दिली. त्यांनी ते पिंपांचं वाक्य बोटाने दोनदा वाचलं.

"खाली सही कोणाची?"

"सरांची."

"शिक्का?"

"आहे."

"मग झालं," ते म्हणाले, आणि कागद घडी करून त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी सरांना 'लिहून देता का' विचारणं बंद केलं. सरांना वाटलं असेल, म्हातारा थकला.

तपासणी सोमवारी होती. मी लवकर आले तेव्हा काका नेहमीसारखी पिंपं पुसत होते. पुसताना नेहमी एक घुमल्यासारखा आवाज यायचा. त्या दिवशी येत नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या मॅडम साध्या होत्या, सुती साडी, कापडी पिशवी. सबनीस सर त्यांना फिरवत होते, मागे आम्ही पाचसहा जण. पिंपांपाशी सर थांबले. "ही आमची वर्गवारी. विभागाला याचा विशेष अभिमान आहे."

मॅडमनी पेनाच्या टोकाने लाल पिंपावर टकटक केलं. ठप्प आवाज आला. सरांनी चमकून पिंपाकडे बघितलं.

"भरलेलं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "उघडता का?"

"नको, आत आम्लं आहेत, उगीच..."

काकांनी पुढे होऊन झाकण काढलं. आत कोरड्या वाळूत रांगेने बाटल्या होत्या. मध्ये पुठ्ठे, एक काच दुसरीला लागू नये म्हणून. पिवळ्या पिंपात अल्कली. निळ्यात द्रावकं. हिरव्यात पारा आणि क्रोमियम. मी बघितलेली सगळ्यात चोख वर्गवारी ती. मॅडमनी एक बाटली उचलली, लेबल वाचलं. दुसरी उचलली. तिसरी. प्रत्येक वेळी त्या 'सांगणार' ही ओळ मोठ्याने वाचत होत्या, आणि प्रत्येक वेळी नाव तेच होतं.

"तांडेल," सर म्हणाले, "हे काय आहे? हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकांनी पाकिटातून झेरॉक्स काढून दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

"तुम्ही, सर. 'सर्व टाकाऊ पदार्थ पिंपांत साठवले जातात.' खाली सही तुमची हाय. अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहून दिलंत. मी लगेच केलं."

मला कबूल करायला हवं, त्या क्षणी मला सरांची दया आली नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि मला बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं.

"त्याच्यात माझं पण नाव हाय, मॅडम," काका म्हणाले. "ओतणार म्हणून. आधी माझं लिवा."

"याची एकत्र यादी आहे का?" मॅडमनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. काकांनी नाही. काका मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते, मला ते दिसत होतं. यादीची दुसरी प्रत माझ्या बॅगेत होती. माझा हात शाळेत वर करतात तसा अर्धाच वर गेला.

"माझ्याकडे आहे, मॅडम. मीच लिहिली आहे. या बाटल्या बघून लिहिली."

पुढचं सिनेमासारखं झालं नाही. समिती बसली. जबाब झाले. तोंडी सूचना आपणच द्यायचो, त्या अपघाताच्या दिवशीही आपणच दिली होती, हे सरांना शेवटी मान्य करावं लागलं, कारण माळीबुवा अजून नोकरीत होते आणि त्यांना सगळं आठवत होतं. सरांचं प्रमुखपद गेलं. नोटीसमध्ये 'वैयक्तिक कारणास्तव' असं आलं. बाटल्या परवानाधारक गाडीतून गेल्या. आता कंडेन्सरचं पाणी टाकीत साठतं आणि पुन्हा फिरतं. मला प्रकल्पात जेमतेम पास होण्याइतके गुण मिळाले, ते सरांनी आधीच भरून ठेवले होते. शिफारसपत्र मी मागितलं नाही.

काकांना ताकीदपत्र मिळालं, ओतल्याबद्दल. ते त्यांनी खुशीने घेतलं. "हे माझं हाय," म्हणाले. आणि त्यांच्या सेवापुस्तकातली ती ओळ लाल शाईने खोडली गेली. बाजूला प्राचार्यांची सही. ती बघायला त्यांनी मला ऑफिसात नेलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी ती खोडलेली ओळ वाचली.

निवृत्तीच्या दिवशी सबनीस सर स्वतः त्यांच्याजवळ आले. मी हातात केकची प्लेट घेऊन शेजारीच होते.

"तांडेल, तुम्ही माझ्याशी आधी बोलला असतात तर एवढं झालं नसतं."

"बोललो होतो, सर. अकरा वर्षं रोज बोलत होतो. तुम्ही हसत होतात."

सरांनी हात पुढे केला. "जाऊ द्या. झालं गेलं विसरून जाऊ."

काकांनी हात हातात घेतला, सरळ उभे राहिले आणि अगदी शांतपणे विचारलं, "लिहून देता का, सर?"

कोणी हसलं नाही. रोहनसुद्धा नाही. सरांनी हात काढून घेतला आणि ते निघून गेले. याला कोणी क्षमा म्हणत असेल तर म्हणो. अंकात छापणाऱ्याने म्हटलंच आहे.

मागच्या रविवारी सकाळी मी कोपरीला गेले. बाजारात काकू पाटीमागे बसल्या होत्या, काका शेजारी स्टुलावर. भावाच्या होडीची मासळी होती. कोळंबी आणि पाचसहा बोय मासे.

"कवा आलीस गो?" काकू म्हणाल्या. "यांना सांग जरा. घरी बसवत नाय, नि इथे बसून माझी गिऱ्हाइकं पळवतात. प्रत्येकाला विचारतात, वास घे नि सांग."

मी विचारलं, "काका, आता बरं वाटतं ना? सगळं परत मिळालं."

"त्यांचं त्यांना मिळालं," काका म्हणाले. "माझं कुठे?"

त्यांनी पाटीतला एक बोय उचलला. कल्ला उघडून लाली बघितली, अंगठ्याने पोट दाबलं. मग नाकाजवळ धरला. डोळे मिटले. लॅबमध्ये थांबायचे त्यापेक्षा जास्त वेळ थांबले. काकूंनी मान दुसरीकडे वळवली. मग त्यांनी डोळे उघडले आणि मासा माझ्यापुढे केला.

"कसला येतो?"

मी हाताने वारा घातला. "ताजा आहे, काका."

"ते मना डोळ्यांनी पण दिसतंय. वास सांग."

मी पुन्हा घेतला. सांगावं की नाही कळेना. काकूही आता माझ्याकडे बघत होत्या.

"थोडासा रॉकेलसारखा," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. मासा पाटीत परत टाकला नाही, बाजूला कागदावर ठेवला. पायाजवळच्या पिशवीतून एक छोटी बाटली काढली. आत गढूळ पाणी, वर मेण लावलेलं बूच. आणखी तीनचार तशाच पिशवीत होत्या. त्यांनी खिशातलं पेन आणि एक कोरं लेबल माझ्या हातात दिलं.

"नाल्याच्या तोंडाशी घेतलंय, आज पहाटे, ओहोटीला. आमच्या कॉलेजच्या नाय, वरच्या अंगाच्या दुसऱ्या. तिथे पण कोणीतरी ओततंय." आवाज खाली गेला होता. "लिहून देतेस का, बाय?"